मधली गाणी

पटलं नाही तर सोडून द्या, पण रचलंय असं म्हणू नका. हे माझ्या सख्ख्या बहिणीसोबत घडलंय, आणि मी तिथे होतो.

आमचं शहर अर्जेंटिनातलं रोसारिओ. मागच्या ऑगस्टमधली, म्हणजे आमच्या हिवाळ्यातली, कडक थंडीची शनिवारची रात्र. नदीकाठच्या जुन्या गोदामात अन्सेल्मोचा क्लब आहे. माझी मोठी बहीण मिर्ना तिथे दर शनिवारी डीजे म्हणून वाजवते. मी साऊंड सांभाळायचो.

पूर्वी ती लिसांद्रो नावाच्या दुसऱ्या डीजेसोबत जोडीने वाजवायची. एक गाणं हिचं, पुढचं त्याचं. रात्रभर असंच.

मग सांता फेच्या रस्त्यावर त्याची गाडी ट्रकखाली गेली. तो जागीच गेला.

तेव्हापासून ती एकटीच.

क्लबमध्ये लोक तिच्यावर जीव टाकायचे. पण तिचे अल्बम... ते कुणी दुसऱ्यांदा ऐकायचं नाही. तीच गाणी, तेच हात. घरी महिनोन्‌महिने बसून एकात एक गुंफलेली. तरी जो तो म्हणायचा, क्लबमधली मजा यात नाही.

अन्सेल्मोने तर तोंडावरच सुनावलं. "बाई, शनिवारी तू गरमागरम एम्पानादा खाऊ घालतेस, आणि अल्बममध्ये नुसती पारी. सारण जातं कुठे?"

ताई पेटली. मला म्हणाली, "या शनिवारचं सगळं रेकॉर्ड कर. दोन्ही शेजारी ठेवून ऐकू. बघूच काय कमी पडतंय."

त्या रात्री क्लब नुसता उसळत होता. मीसुद्धा नाचलो.

रविवारी दुपारी माते, म्हणजे आमचा कडू चहा, पीत आम्ही रेकॉर्डिंग लावलं.

पहिलं गाणं स्वच्छ आलं. ते संपत आलं, आणि...

शांतता.

अख्ख्या एका गाण्याएवढी. मग ताईचं पुढचं गाणं. मग पुन्हा शांतता.

शेवटपर्यंत तसंच.

ताई माझ्यावर उखडली. "एक वायर नीट लावता येत नाही तुला?"

मी वायर बदलली. पुढच्या शनिवारी तेच. मशीन बदललं. तेच. शेवटी वैतागून हॉलच्या मधोमध माइकच टांगला.

त्यात शांततेच्या जागी लोक ऐकू आले. शिट्ट्या. आरोळ्या. एका तालात पडणारी शेकडो पावलं...

आणि गाणं नाही.

मी तिला विचारलं, त्या जागी तू काय वाजवलं होतंस? तिने तोंड उघडलं, पण नाव सांगता येईना. स्वतःची गाणी ओळीने पाठ होती. मधलं एकही आठवेना.

मलाही आठवेना. आणि मी तर त्यावर नाचलो होतो.

तिने रेकॉर्डिंग बंद केलं. मग म्हणाली, "म्हणजे रात्र रात्र घाम मी गाळते, आणि लोक अजून लिसांद्रोसाठीच येतात."

रडली नाही. संतापली होती.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी ती मला रिकाम्या क्लबमध्ये घेऊन गेली. एक गाणं लावलं. ते संपलं तशी हात वर करून बाजूला झाली.

"वाजव आता," लिसांद्रो उभा राहायचा त्या जागेकडे बघत ती म्हणाली. "माझ्यासमोर वाजव."

काहीच नाही...

फक्त स्पीकरची बारीक घरघर.

आम्ही वाट बघितली. तिने विनवलं. शिव्या घातल्या. काहीच नाही. शेवटी चडफडत तिने आपलंच दुसरं गाणं लावलं.

तेवढ्यात मागून अन्सेल्मो बोलला. तो दाराला टेकून उभा होता. केव्हापासून, देव जाणे. त्याचा पाय ठेका धरता धरता थांबला होता.

"का बदललंस?" तो नाराज होऊन म्हणाला. "आधीचं किती छान चाललं होतं."

ताई अजूनही दर शनिवारी वाजवते. अल्बम मात्र तिने बंद केले.

मी ते काम सोडलं.

परवा आम्ही दोघं बसची वाट बघत होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कुठे रेडिओही नाही. ताई एकदम माझ्यावर खेकसली, "पाय थांबव तुझा."

तो ठेका धरतोय, हे मला माहीतच नव्हतं...