चाकावरचा तळवा

“तुमचो जुनो बोरमो भाड्यान देशात?”

काजू फोडता फोडता अपेक्षाने मान वर केली. दारात एक तरुण उभा होता... श्रावणसरीत भिजलेला, छातीशी भलंमोठं लोखंडी चाक धरलेला.

“त्यात काय भाजतलास? चाकां?”

“होय,” तो शांतपणे म्हणाला. “चाकांच.”

शेजारी बसलेली काशीबाई पदरात तोंड लपवून हसली.

वालावल गावातल्या अपेक्षाच्या घरच्या छोट्या कारखान्यात काजूगर सुकवायची एक उबदार खोली होती, तोच बोरमा. नवा आल्यापासून जुना बंद पडून होता. त्या तरुणाला, गुरुदासला, तो हवा होता. पुण्यातल्या एका हौशी माणसाकडे जुनी लष्करी गाडी होती, रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी. तिच्या चाकांवरचं रबर झिजून तडकलं होतं. ते खरवडून गुरुदास त्या जागी पॉलियुरेथेन ओतणार होता. मधासारखं ओघळणारं ते द्रव्य एकदा घट्ट झालं की रबरापेक्षा चिवट. पण हवेतल्या ओलाव्याने त्यात फुगे धरतात, म्हणून सुकी ऊब हवी.

“आणि एक,” त्याने सगळ्यांना बजावलं, “घासलेल्या लोखंडाक उघडो हात लावू नकात. तेल लागला तर थंय ता धरणा नाय.”

अपेक्षाने स्वतःचे हात पाहिले. काजूच्या टरफलाचं तेल कातडी जाळतं, म्हणून इथल्या सगळ्या बायका हाताला खोबरेल चोळूनच बसत.

“मगे माका लांबच ऱ्हवाक होया.”

“चाकापासून,” तो चाक उचलत म्हणाला. “माझ्यापासून कोण सांगता?”

त्यानंतर अपेक्षाचं कामात लक्ष लागेना. बोरम्याचं दार वाजलं की तिची मान वळायची.

“बाये, नजर खंय आसा?” काशीबाई टोमणा मारायची. “गरांत टरफलां जातत.”

चाकं एकेक करून तयार झाली. शेवटचं उरलं, आणि पुण्याहून फोन आला. चाकं घेऊन ये, इथेच कायमचं काम देतो.

गुरुदास अंगणात बोलत होता. अपेक्षा बोरम्यात आली. घासून चंदेरी झालेलं चाक फळीवर होतं. हे झालं की तो जाणार... तिने नकळत त्यावर तळवा टेकवला. मग हाताकडे लक्ष गेलं... खोबरेलाने माखलेला.

सांगायला ती वळली, तर दारात गुरुदास. हातमोजे चढवत. ती बाजूला झाली. त्याने चाक साच्यात ठेवलं आणि ओतायला सुरुवात केली.

रात्रभर ती कूस बदलत राहिली. सांगितलं तर त्याला वाटेल, मुद्दाम केलं, अडवायला. नाही सांगितलं तर कधीतरी चाकाचा तुकडा सुटेल आणि नाव त्याचं जाईल.

सकाळी टेम्पो दारात उभा होता. साच्यातून चाक निघालं... गुळगुळीत, कुठेही खोट नाही.

“ह्यां चाक नेव नको,” अपेक्षा म्हणाली. “मी हात लावलंय. तेलाचो. मुद्दाम नाय, पण... लावलंय.”

गुरुदासने पातळ पटाशी घेतली आणि न शोधता, नेमकी एका जागी खुपसली. पापुद्रा अलगद सुटला. आत लोखंडावर पाच बोटं उमटलेली.

“तुका म्हायत होता?”

“ओतूच्या आदीच बघलंय. बोटां चकाकत होती.”

“मगे पुसलंस कित्याक नाय?”

“फडको हातात होतो...” तो चाकाकडेच बघत राहिला. “पुसूक हात उचललो नाय.”

बाहेर हॉर्न वाजला.

“जा,” ती म्हणाली. “तो थांबलोहा.”

“माझ्यासाठी नाय. बाकीची चाकां घेवन तो जातलो. पुण्याक कळवलंय, काम होया तर चाकां हडे पाठवा.” त्याने पटाशी खाली ठेवली. “बोरमो मिळात मां... आणखी थोडे दिस?”

“किती?”

उत्तराऐवजी त्याने हातमोजा काढला आणि उघडा हात पुढे केला.

“माझ्या हाताक तेल आसा,” अपेक्षा म्हणाली.

“असांदे. मी लोखंड नाय.”

टेम्पो वळणाआड गेला. खोबरेलाने माखलेला तळवा तिने त्याच्या हातात ठेवला... आणि तो सुटला नाही.