मधली चित्रं

सोलापूरच्या त्या कला महाविद्यालयात ॲनिमेशनच्या वर्गात शिरताना मुलं दाराशी चपला काढत आणि खुंटीवरची आपापली मनगटी चढवत. दिसायला साधा काळा पट्टा, पण तो स्नायूंमधले विद्युतसंकेत वाचायचा. पेन पडद्यावर टेकायच्या आतच हात कुठे निघालाय हे त्याला कळायचं. पाऊल उचलल्याचं एक चित्र काढा, टेकल्याचं एक काढा. मधली सगळी चित्रं मनगटी तुमच्याच रेषेत भरून द्यायची. हात थरथरला तर सूक्ष्म स्पंदनं सोडून त्याला अलगद सावरायचीही.

शेवटच्या वर्षाची ईश्वरी घाडगे मनगटी वापरत नव्हती. पहिल्या वर्षी तिने अँटेनावरचा कावळा कागदावर एकेक चित्र काढून उडवला होता. दुसऱ्या वर्षी हातमागावर धावणाऱ्या धोट्याची मोबाइलपुरती छोटी चित्रफीत केली होती. आता तिला वडिलांवर फिल्म करायची होती.

वडील बार्शीला वायरमन होते. खांबावरून पडल्यापासून त्यांचा डावा पाय आखूड झाला होता. चालताना कोणी मोबाइलवर टिपलेलं त्यांना खपत नसे. कॅमेरा दिसला की ते खाली बसत. त्यामुळे घरातल्या प्रत्येक व्हिडिओत ते बसलेलेच होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि त्यांची चाल फक्त घरच्यांच्या आठवणीत उरली.

ईश्वरी कॉलेजच्या व्हरांड्यात एकाच पायात चप्पल घालून चालायची, मध्येच थांबून भिंतीला टेकायची आणि टॅबवर रेखाटायची. खांदा आधी खाली जातो की गुडघा? मुलं हसायची. पाय टेकण्याआधी बाबांचं अंग क्षणभर अडायचं, जणू ते जमिनीला विचारून मगच भार टाकायचे, हे सापडलं तेव्हा ती जिन्यातच बसून रडली.

"या गतीने तुझी फिल्म पुढच्या वर्षी होईल," ॲनिमेशन शिकवणारे तांबोळी सर म्हणाले. "मुख्य चित्रं तूच काढ. मधली तेवढी मनगटीला दे."

तिने मनगटी चढवली.

काम झपाट्याने पुढे सरकलं. पहिल्याच आठवड्यात मधल्या चित्रांत बाबांचा खांदा जरा कमी कलतोय असं तिला दिसलं. तिने दुरुस्त केलं. पुन्हा तेच झालं. मनगटी लाखो माणसांच्या चालींवर शिकलेली होती. लंगडणं तिला चित्रकाराच्या हाताची चूक वाटत होती. दुरुस्त करून करून ईश्वरी थकली आणि हळूहळू सोडून देऊ लागली. जागा वाचावी म्हणून टॅब तिची आधीची मुख्य चित्रं आणि रेखाटनंही पुसून त्यांच्या जागी सुधारलेली चित्रं ठेवत होता. तेही तिला माहीत होतं. नंतर बघू, असं ती स्वतःला सांगत राहिली.

फिल्म झाली. गावातली वीज जाते आणि बाबा शिडी खांद्यावर घेऊन विजेच्या डीपीकडे चालत जातात, एवढीच गोष्ट. परीक्षकांनी ती नावाजली. "चालण्यात किती सहजता आहे," एक बाई म्हणाल्या.

त्याच दुपारी ती मनगटी काढून चित्र काढायला बसली. बाबा सरळ चालत आले. खोडून पुन्हा काढलं. हात सवयीच्या वाटेनेच गेला. तिने डोळे मिटले आणि बाबांना आठवायचा प्रयत्न केला. आठवणीतही ते शिडी घेऊन, ताठ खांद्याने चालत होते.

"जुनी चित्रं परत मिळतील का, सर?"

तांबोळी सरांनी बराच वेळ टॅब धुंडाळला. "नाही मिळणार," ते म्हणाले. मग आपल्या मनगटावरचा पट्टा बोटाने चाचपत हळूच म्हणाले, "मीही बरेच दिवस याच्याशिवाय काही काढलेलं नाही. काढून बघायची भीती वाटते."

ईश्वरी बार्शीला गेली. आईला फिल्म पाहायचीच होती. टॅब फळीवर उभा करून दोघी पाहत बसल्या. फिल्म संपली आणि आपोआप पुन्हा सुरू झाली.

"छान काढलंस गं," पदराने डोळे टिपत आई म्हणाली.

"आई, ते असे चालायचे नाहीत. माझ्याकडून हरवलंय. तुला आठवतंय का?"

आई उठली, पदर खोचला आणि अंगणाच्या दारापर्यंत चालून दाखवू लागली. "माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. असा भार यायचा बघ," असं म्हणताना तिचं अंग एका बाजूला झुकलं आणि पाय टेकण्याआधी क्षणभर अडलं.

ईश्वरीने कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि साध्या पेन्सिलीने रेखाटायला घेतलं. रेषा भलतीकडे जात होती.

"पुन्हा चाल ना, आई."

आई वळली. वळताना तिची नजर फळीवर गेली. तिथे बाबा अजून चालतच होते. या खेपेला तिचा खांदा कमी झुकला.

"एकदा अजून. हळू."

ईश्वरी घाईघाईने पाऊल रेखाटत होती. तिने मान वर केली तेव्हा आई दारातून तिच्याकडे येत होती, टॅबकडे पाहत, ताठ खांद्याने.

"असंच ना गं?" आईने विचारलं.