तिसरं कडवं

पेल्याचं चित्र, खिडकीचं चित्र, बुटाचं चित्र... बाबांनी डाव्या हाताने सगळे पत्ते भिरकावून दिले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "हातोडी," ते पुटपुटले. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून त्यांच्या जिभेवर तेवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी हातोडी, दिवा घालवायचा असला तरी हातोडी, आणि राग आला, जो हल्ली सारखाच यायचा, तरी हातोडीच! ज्यांच्या आवाजापुढे कारखान्यातली लेथ यंत्रं मुकी वाटत, त्या माणसावर ही वेळ यावी... सूनबाई खाली वाकून पत्ते गोळा करू लागली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी टपकन बुटाच्या चित्रावर पडलं.

"त्यांनी प्रयत्नच सोडला तर वाचा परत येणं अवघड आहे," स्पीच थेरपिस्ट बाई दाराशी येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या. "एक विचारू? असे कितीतरी पेशंट असतात, ज्यांना बोलता येत नाही पण गाता येतं. बोलणं मेंदूच्या एका बाजूला, सूर बराचसा दुसऱ्या बाजूला. पण गाणं तोंडात बसलेलं हवं. यांचं आवडतं गाणं कुठलं?"

सूनबाईच्या नवऱ्याने मान खाली घातली. सासूबाई मात्र कुणाची भीड ठेवणाऱ्या नव्हत्या. "गाणं? यांचं? अहो, या घरात गाण्याला बंदी आहे. हिला विचारा, हिचंच तोंड बंद केलंय यांनी."

सूनबाई गोळा केलेले पत्ते एकावर एक रचत राहिली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा शहरातल्या मोठ्या गायकवृंदात पहिल्या रांगेत उभी राहून गायची. नव्या संसाराच्या आनंदात ओट्यापाशी गुणगुणत होती, तोच बाबा हात पुसत घराखालच्या कारखान्यातून वर आले. "माणूस पुढे आला तो चाकाच्या जोरावर, गाण्याच्या नाही. या घरात कामाचं काय ते बोलायचं," ते म्हणाले. नवरा असा भडकला की सामान बांधूनच मोकळा झाला. बापलेक एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. तेव्हा तिनेच बॅगेवर हात ठेवला होता. "आज रागाने जाल आणि जन्मभर कुढत बसाल. मी गाणं सोडते, तुम्ही घर सोडू नका." गायकवृंदाला तिने नाही म्हणून कळवलं, आणि काळजाचा लचका तोडून दिल्यासारखी ती त्या दिवसापासून गप्प झाली... कारखाना चालत राहिला, घर एकत्र राहिलं, आणि हे घर कशाच्या मोलावर एकत्र राहिलंय हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

एवढंच काय ते तिने स्वतःसाठी राखलं होतं: लेकीची अंगाई. दुपारी यंत्रं जेवणाच्या सुट्टीला थांबली की ती खोलीचं दार लावून घ्यायची आणि अगदी ओठांतल्या ओठांत गायची. अंगाई तिची स्वतःची, शब्द तिचे, चाल तिची. लेक आता शाळेत जाण्याएवढी झाली, आणि तेही संपलं.

थेरपिस्ट बाई गेल्यावर ती बाबांच्या पलंगावरची चादर बदलायला घेऊन आली. त्यांना हळूच कुशीवर वळवलं, एक टोक गादीखाली खोचलं, दुसरं खोचायला गेली आणि मन कुठे हरवलं होतं कोण जाणे, तिच्या ओठांवर ती जुनी चाल आली.

"चाक निजलं, पट्टा निजला..."

तिने जीभ चावली. आता हातोडी हातोडी म्हणत हात उगारतील, या भीतीने तिने वर पाहिलं, तर बाबांनी भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं होतं. त्यांचे ओठ थरथरत होते. छातीतून खरखर आली, मग एक घोगरा सूर आला, आणि त्या सुराला धरून शब्द आले, चक्क शब्द!

"...निजली गं भट्टी."

चादर तिच्या हातातून गळून पडली. ती पलंगाच्या कडेला बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पहिलं कडवं दोघांनी म्हटलं. दुसरं दोघांनी म्हटलं. आणि मग ती डोळे पुसायला थांबली, पण बाबा थांबले नाहीत.

"आजोबांचा आवाज मोठा, भिऊ नको गं राणी,
खोल त्यांच्या आत आहे थंडगार पाणी..."

सूनबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिसरं कडवं! लेक झोपी गेल्यावर, दाराआड, श्वासाएवढ्या आवाजात म्हटलेलं... ते शेवटपर्यंत ऐकत बसल्याशिवाय कोणाला कळणं शक्यच नव्हतं.

"बाबा, तुम्ही ऐकत होतात?"

उत्तर दाराकडून आलं. सासूबाई सुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या. "रोज दुपारी तुझ्या दाराबाहेरच्या खुर्चीत बसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, पेपर वाचतोय. चष्मा खाली कारखान्यात, आणि हे वर पेपर वाचतायत! मला काय माहीत, कान दाराला लावलेत ते."

इतक्या वर्षांचा संताप सूनबाईच्या मनात एकदम उसळून आला. "ऐकायचं होतं तर मला दार का लावून घ्यायला लावलंत, बाबा? एकदा तरी म्हणायचं होतं, उघडं ठेव म्हणून..."

बाबांनी तोंड उघडलं. पुन्हा उघडलं. "हातोडी," ते म्हणाले, आणि डाव्या हाताची मूठ वळून त्यांनी आपल्याच छातीवर आपटली, पुन्हा आपटली, आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडू लागले. तिने ती मूठ धरली. मग तीही रडली. सासूबाई म्हणाल्या, "सूप गार होतंय," आणि पदराने डोळे टिपत आत निघून गेल्या.

त्या दिवसापासून ते घर गाऊ लागलं. थेरपिस्ट बाईंनी शिकवलं तसं सूनबाई अंगाईच्या चालीत रोजचे शब्द बसवू लागली: पाणी द्या गं, खिडकी लावा, उशी उंच करा. ते हाताने ठेका धरायचे, शब्द अडला की सूर ओढून त्याला बाहेर काढायचे. "काय हो," सासूबाईंनी एकदा विचारलंच, "तुम्ही ज्याचा जोर सांगायचात ते चाक तर खाली कारखान्यात गरगर फिरतंय. ते आलं का तुमच्यासाठी पाणी मागायला?" बाबा हसले, आणि तालात म्हणाले, "नाही आलं, नाही आलं." चालता येऊ लागल्यावर काठी टेकत ते कारखान्यात उतरले, तेव्हा "पट्टा घट्ट करा रे" हा हुकूम त्यांनी गाऊन सोडला. कामगार क्षणभर चपापले, आणि मग सगळ्यांत वयस्कर फिटरने त्याच चालीत उत्तर दिलं, "केला, मालक, केला!" एवढा हशा त्या पत्र्याखाली कधी झाला नसेल.

थेरपिस्ट बाईंनी सूनबाईला सोडलं नाही; इतरांनाही असंच शिकवा, म्हणाल्या. वाचा गेलेली आणखी किती माणसं शहरात घरोघरी भिंतीकडे तोंड करून पडली होती! दर आठवड्याला ती सगळी बाबांच्याच बैठकीच्या खोलीत जमू लागली: एक शिक्षिका, एक बसचालक, एक वकील ज्यांना स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. आणि वर्ष सरायच्या आत हा अडखळणारा गायकवृंद नगर सभागृहाच्या मंचावर उभा राहिला. समोर एकही खुर्ची रिकामी नव्हती. बोलता न येणारी माणसं गात होती, आणि त्यांची मुलं, बायका, नवरे डोळे पुसायचंही विसरून ऐकत होते. अंगाई आली. दोन कडवी झाली. तिसऱ्यासाठी सूनबाईने हात उचलला, तोच बाबा काठी टेकत रांगेतून पुढे आले. त्यांनी इतरांना थांबायची खूण केली. हे ठरलेलं नव्हतं. ती गोंधळून त्यांच्याकडे पाहत राहिली.

बाबांनी काठीने ठेका धरला आणि घोगऱ्या, थोड्या उतरलेल्या सुरात, एकेक शब्द ओढून काढत ते गायले:

"सूनबाईचा आवाज मोठा, अडवू नका कोणी,
तिच्याच सुरांनी दिली मला माझी वाणी."

त्या माणसाने, ज्याला काही महिन्यांपूर्वी पाणीसुद्धा मागता येत नव्हतं, नवे शब्द जुळवले होते, आणि तेही तिच्यासाठी... नवरा उठून उभा राहिला, मागोमाग सगळं सभागृह उठलं. टाळ्यांचा कडकडाट थांबेचना. पहिल्या रांगेत सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "बेसूर आहेत, पण आमचे आहेत."

बाबा सूनबाईसमोर येऊन थांबले. टाळ्या ओसरल्यावर त्यांनी मोठा श्वास घेतला आणि या खेपेला चालीशिवाय, ठेक्याशिवाय, साध्या बोलण्यात एकच शब्द उच्चारला.

"गा."

सूनबाईने डोळे पुसले, आणि उभ्या आयुष्यात कधी गायली नव्हती इतक्या मोकळ्या आवाजात गायला सुरुवात केली.