बाबांना उठता येईल अशी गाडी

"जरा उजवा पाय उचलता का?"

आवाज गाडीच्या खालून आला. मी दचकून पाय उचलला आणि हातातल्या टेपचं टोक सुटलं.

वापरलेल्या गाड्या विकायच्या त्या आवारात मी एका पांढऱ्या गाडीची सीट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजत होते. गाडीखालून आधी एक हात बाहेर आला – हातात दात तपासायचा इवलासा गोल आरसा. मग धुळीने माखलेले केस आणि मग एक हसरा चेहरा.

"गंज बघतोय," तो म्हणाला. "गंज म्हणजे कीडच हो. वरून चकाचक आणि आतून पोखरलेलं."

"मेकॅनिक का तुम्ही?"

"दंतवैद्य. आणि तुम्ही... गाडीला झबलं शिवताय?"

"कपडे माणसांचे शिवते. गाडीचं नुसतं माप."

तो खो खो हसला. एवढं हसण्यासारखं मी काही बोलले नव्हते, पण हसला ते बरं वाटलं.

बाबांच्या जुन्या गाडीपुढे मेकॅनिकने हात टेकले होते. नवी परवडणारी नव्हती. आणि गाडीवाचून बाबांचं पान हलत नव्हतं. रोज सकाळी दोन मित्रांना घेऊन ते गावाबाहेरच्या तळ्यावर पोहायला जायचे. आई गेल्यावर त्या तळ्यानेच त्यांना सावरलं होतं. पण परवा त्यांनी जाहीर केलं, "एक गाडी बघू. जमली तर जमली. नाहीतर माझं ड्रायव्हिंग संपलं." बाबा बोलले की बोलले. खिडकीशी खुर्ची टाकून दिवसभर रस्ता बघणारे बाबा मला डोळ्यांसमोर दिसायला लागले.

दंतवैद्याच्या आईच्या गाडीने भर चौकात मान टाकली होती. तिच्यासाठी त्याने दोन गाड्या हेरल्या होत्या – ही पांढरी बुटकी आणि पलीकडची राखाडी, जरा उंच.

"म्हणजे आपण शत्रू झालो," मी म्हटलं.

"छे! पांढरी तुमच्या बाबांच्या मापाची असेल तर तुम्ही घ्या. राखाडीही ठणठणीत आहे. मी तिचे सगळे दात मोजलेत."

आवाराच्या मालकांनी दोन्ही गाड्या रविवारपर्यंत राखून ठेवल्या. आणि रविवारपर्यंत आम्हा दोघांनाही, का कोण जाणे, गाड्यांबद्दल रोज नवीनच शंका यायला लागल्या. दुकान बंद केलं की मी आवारात, दवाखाना आटोपला की तोही आवारात. मालक आम्हाला बघून कपाळाला हात लावायचे.

एका संध्याकाळी भुरभुर पाऊस आला म्हणून आम्ही पांढऱ्या गाडीतच बसून राहिलो. काचा धूसर झाल्या. त्याने इंजिन सुरू केलं.

"ऐका. कुठे खरखर येतेय?"

"नाही."

"अजून नीट ऐका... डोळे मिटून."

मी डोळे मिटले. त्याच्या हातांना लवंगेच्या तेलाचा मंद वास होता. खरखर कुठेच नव्हती. धडधड मात्र येत होती, पण ती काही इंजिनाची नव्हती.

"काय ऐकू आलं?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

रविवारी मी बाबांना घेऊन गेले. बाबा खुशीत होते, शीळ घालत होते. पांढऱ्या गाडीत ते बसले – बसले कसले, धपकन पडलेच. समोरचं बघायला मान उंचावू लागले. मग उतरायला गेले. एक पाय बाहेर, हात दारावर, आणि... उठवेना. एकदा झालं, दोनदा झालं. मी हात पुढे केला तो त्यांनी पाहिलाच नाही असं केलं. शेवटी दाराला लोंबकळत उठले आणि रुमालाने कपाळ पुसत हळूच म्हणाले, "राहू दे बाळा. झालं माझं चालवून."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. मापाच्या वेळी गिऱ्हाईक हमखास ताठ उभं राहतं, पोट आत घेतं. म्हणून आधी त्याला गप्पांत गुंतवायचं, मग टेप लावायची, हे मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना रोज घोकून घेते. आणि गाडीसाठी बाबांचं माप घेताना मात्र मीच म्हटलं होतं, "सरळ उभे राहा हं, बाबा." ते छाती काढून उभे राहिले आणि मी त्या ताठ बाबांसाठी गाडी निवडली. वाकलेली पाठ, आखडलेले गुडघे मला दिसत नव्हते असं नाही. मला ते बघायचेच नव्हते.

तेवढ्यात पलीकडून खणखणीत आवाज आला. "अरे, शिडी आण आधी! आईला गाडीत चढवायचंय की माळ्यावर?"

दंतवैद्याच्या आई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आणि चांगल्याच ठेंगण्या. राखाडी गाडीपुढे त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि त्यांचा डॉक्टर लेक वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा खाली मान घालून.

मी सरळ त्याच्यापुढे गेले. "तुमची गाडी बाबांना एकदा बसून बघू देता?"

त्याने बाबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "मीही काय माणूस आहे! गाडी सगळी तपासली, आईला तेवढी तपासायची राहिली." आणि राखाडीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

बाबा येईनात. "आता कशाला," म्हणत राहिले. मुख्याध्यापिका तोवर पांढऱ्या गाडीत ऐटीत बसून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांनी काच खाली केली. "अहो, लेक एवढं म्हणतेय तर बसा की. भाव काय खाताय?"

बाबा मुकाट्याने निघाले. राखाडीची सीट बरोबर त्यांच्या बैठकीला आली. वाकणं नाही, पडणं नाही. बसले, उतरले, पुन्हा बसले. मग आरसा नीट केला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी कितीतरी दिवसांनी पाहत होते. मालकांनी मान डोलावताच बाबा आणि मुख्याध्यापिका एकेक फेरी मारायला निघाले, आणि दोन्ही गाड्या एकामागोमाग फाटकाबाहेर पडल्या.

आवारात आम्ही दोघंच उरलो.

"जमलं," तो म्हणाला.

"जमलं."

"म्हणजे आता... इथे यायला काही कारण नाही."

"नाही."

तो बुटाच्या टोकाने खडे ढकलत राहिला. "खरं सांगू? गाड्या मी पहिल्याच दिवशी पूर्ण तपासल्या होत्या. त्यानंतर रोज येत होतो तो तुमच्यासाठी. मला तुम्ही आवडता... फार आवडता."

किती वेळ लावला बाई या माणसाने!

"आणि मी काय गाड्यांसाठी येत होते?" मी म्हटलं. "उद्या दवाखाना बंद झाला की सरळ माझ्या दुकानात ये. कारण-बिरण काही शोधू नकोस."

"ये म्हणालीस?"

"ये म्हणाले."

त्याने माझा हात हातात घेतला. तेवढ्यात राखाडी गाडी फाटकातून आत शिरली. बाबांनी आमच्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. मी हात सोडवून घेतला नाही. बाबांनी गाडी तिथल्या तिथे झोकात वळवली आणि पुन्हा एका फेरीला निघून गेले.