दोन ओळींमधली जागा

गायकाची थोरली बहीण टेपांची खोकी घेऊन आली तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते, आणि ठोक्या कापसाच्या बोळ्यानं मशीन पुसत बसला होता. ठोक्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. एके काळी तो एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा. वीस-वीस मिनिटांची गाणी, सात आणि अकरा मात्रांचे हिशेब, मध्येच लय फिरवून ऐकणाऱ्याला तोंडघशी पाडायची हौस, असला तो बँड. तिथल्या चौघांनी, म्हणजे गायकानं आणि बाकीच्या तिघांनी, त्याला हे नाव दिलं. बँड मोडून सव्वीस वर्षं झाली, नाव तेवढं चिकटून राहिलं. आता तो जुन्या टेपा साफ करून त्यांतला आवाज कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचा. दोन इंच रुंद टेपचं चालू मशीन असलेला आसपास तोच एक उरला होता.

"सोलो अल्बम आहेत," ताई म्हणाली. "तिन्ही. शिवाय चौथा, अर्धवट राहिलेला. कंपनीला सगळे पुन्हा काढायचेत."

"दुसऱ्या कुणाकडे द्या ना, ताई."

"त्यानंच जाण्याआधी सांगून ठेवलंय. टेपा ठोक्याकडेच दे, त्याच्या घरचंच आहे म्हणाला." ताईनं चष्मा काढून पदरानं नाही, हातरुमालानं सावकाश पुसला. "जाणाऱ्या माणसाशी वाद काय घालणार मी?"

घरचं म्हणे. ठोक्याला हसू आलं, पण ते काही बरं हसू नव्हतं. सहावी रेकॉर्ड निघाली त्या वर्षी एका दुपारी गायक सरावाला आलाच नाही, आणि दोन दिवसांनी वर्तमानपत्रात त्याची मुलाखत आली. 'चार पोती पाठीवर घेऊन गात होतो, आता खाली ठेवली.' ते वाक्य ठोक्याला अजून पाठ होतं. बाकीची तीन पोती आपापल्या वाटेनं गेली, कुणी शिकवण्या धरल्या, कुणी दुकान. ठोक्यानं त्यानंतर कुठल्याही स्टेजवर पाय ठेवला नाही.

गायकाचा पहिला सोलो अल्बम आला तो ठोक्याच्या बायकोनं विकत आणला होता. "या घरात त्याचा आवाज नको," ठोक्यानं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि तिनं तो कपाटात ठेवून दिला. पुढे दुसराही आणला, तोही तसाच ठेवला. ती गेल्यावर कपाट आवरताना दोन्ही सापडले, ब्लँकेटांच्या खाली, वरचं प्लॅस्टिकसुद्धा न फाडलेले. तेवढ्या एका गोष्टीचं ठोक्याला समाधान होतं. बायकोनं शब्द पाळला होता.

काम त्यानं घेतलं ते एकाच कारणानं. अल्बम भिकार निघावेत आणि ते आपण आपल्या कानांनी ऐकावं, अशी त्याची मनापासून इच्छा होती.

पहिला अल्बम भिकार नव्हता. आवाज तसाच होता, वरच्या सुरात किंचित खरखरणारा, आणि बँडचं ओझं उतरल्यामुळे खरोखरच मोकळा झालेला. ठोक्यानं ओठ मिटून काम चालू ठेवलं. त्या रुंद टेपवर चोवीस ट्रॅक असतात, प्रत्येक वाद्याचा वेगळा, गाणाऱ्याचा वेगळा. प्रत्येक ट्रॅक एकेकटा लावून तपासावा लागतो. गायकाच्या ट्रॅकवर तो ओळ गातो, मग बाकीचे वाजवत असताना गप्प उभा राहतो. पण माईक चालूच असतो. या मधल्या जागा अल्बम तयार करताना कापून टाकतात. लोकांना त्या कधीच ऐकू येत नाहीत.

तिसऱ्या गाण्यात, दोन ओळींमधल्या अशाच एका जागेत, ठोक्याला कपाटाचं दार ऐकू आलं. उघडताना वर जाणारा सूर, मिटताना खाली येणारा. मग सपातांचा आवाज. आणि मग, भिंतीपलीकडून यावा तसा, लाकडी काठ्यांचा रबरावर पडणारा ठोका. सात मात्रा. पाचवी जराशी उशिरा.

ठोक्यानं मशीन थांबवलं.

एकोणिसाव्या वर्षी गाडीतून सामान उतरवताना त्याचं डावं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून डाव्या हाताचा पाचवा ठोका केसभर मागे पडायचा. बँडमध्ये त्यावरून थट्टा चालायची. रबराचा तो तुकडा मात्र त्यानं बँड मोडल्यावर आणला होता, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून, आणि घराच्या मागच्या खोलीत रोज सकाळी त्यावर तो एकटाच वाजवायचा. गायकानं तो कधी पाहिलाही नव्हता.

तो काही भुताखेतांचा माणूस नव्हता. टेप आधी वापरलेली असेल, खालचं पुसलं गेलं नसेल, म्हणून त्यानं खोका पाहिला. कोरी घेतलेली टेप, वर तारीख. गुंडाळलेल्या टेपच्या एका थरातला आवाज कधीकधी दुसऱ्या थरावर उमटतो. पण तो त्याच टेपवरचा आवाज असतो, दुसऱ्याच्या घरातला नाही. त्यानं ताईला फोन लावला.

"तो गायचा ती खोली कशी होती?"

"कशी म्हणजे? त्यानं स्वतः बांधून घेतलेली. खिडकी नाही, दीड हात जाडीच्या भिंती. आत शिरलं की कानात दडे बसायचे. का रे? टेपा खराब झाल्यात का?"

"नाही. चांगल्या आहेत."

ती खोली त्याच्या घरापासून दीडशे किलोमीटरवर होती.

दुसऱ्या अल्बमवर त्याची बायको गुणगुणत होती.

लांबून, स्वयंपाकघरातून गुणगुणावं तसं. भांडं ठेवल्याचा आवाज, नळ, आणि तिचं ते वरच्या सुराला अर्धा पाऊल कमी पडणं. ती लग्नाआधीपासून अशीच गुणगुणायची. गायक गात होता तेच गाणं ती गुणगुणत होती, आणि त्याच्या पुढच्या ओळीची चाल त्याच्याआधी. टेपवरची तारीख अल्बम बाजारात येण्याच्या सात महिने आधीची होती. ठोक्याच्या डोळ्यांपुढे न फाडलेलं प्लॅस्टिक आलं. तिला फाडायची गरजच पडली नव्हती.

संध्याकाळी तो घरी गेला आणि स्वयंपाकघरातलं कपाट त्यानं दोनदा उघडून मिटलं. तोच सूर वर गेला, तोच खाली आला. मग चहा न करताच बाहेर जाऊन बसला.

तिसऱ्या अल्बमची खोकी तो दोन दिवस टाळत राहिला. तारखा दिसत होत्या. सहाव्या गाण्याच्या खोक्यावर जी तारीख होती, ती बायको गेली त्या दिवसाची.

ती झोपेतच गेली, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. मुलीला तर कितीदा. खरं एवढंच होतं की त्या सकाळी नऊपासून तो मागच्या खोलीत होता, कानांवर हेडफोन, हेडफोनमध्ये बँडची जुनी रेकॉर्ड, हातांत काठ्या. पावणेअकराला तो बाहेर आला तेव्हा ती पलंगाच्या कडेला अर्धी उठलेली होती, एक पाय जमिनीवर. तिनं हाक मारली होती की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. माहीत नाही, या एकाच गोष्टीवर तो बारा वर्षं उभा होता.

त्यानं टेप चढवली. सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं. गायकाच्या दोन ओळी झाल्या. मग मधली जागा.

रबरावरचे ठोके. पाचवा उशिरा.

"अहो."

ठोके चालूच.

"अहो, जरा येता का?"

ठोके. सात, आणि परत सात. तिसऱ्या हाकेत शब्द नव्हता, नुसता श्वास होता. गायकानं पुढची ओळ सुरू केली आणि अर्ध्यावर तोडली.

"काय हवंय?" त्यानं विचारलं. आजाऱ्याशी बोलावं तसं, हळू.

"पाणी."

कागद खाली ठेवल्याचा आवाज. पावलं. पाणी ओतल्याचा आवाज, आणि मग कुणीतरी ते घोटाघोटानं प्यायल्याचा.

"तो येत नाही का?"

"त्यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "तुम्ही गा."

गायक गायला. ठोक्याला आपल्या आयुष्यात त्याचं इतकं चांगलं गाणं आठवत नव्हतं. तिचं गुणगुणणं अर्धा पाऊल मागून येत होतं, मग एक पाऊल, मग आलं नाही. गायक शेवटच्या ओळीपर्यंत गेला आणि थांबला.

ठोके रीळ संपेपर्यंत चालू होते.

दुपारी त्यानं ताईला फोन केला. काय विचारायचं ते त्यालाच नीट ठाऊक नव्हतं.

"तिसऱ्या अल्बमच्या वेळी तो काही वेगळं वागायचा का, ताई?"

"वेगळं म्हणजे..." ताई आठवत राहिली. "पाणी. गाताना घोट घ्यायचा नाही तो कधी, गळा बसतो म्हणायचा. त्या वर्षी मात्र रोज भरलेला ग्लास आत न्यायला लागला. पुढे ते कायमचंच झालं. शेवटी शेवटी तर दिवसदिवस आत असायचा, दार लावून. गाणं काही ऐकू यायचं नाही. मी विचारलं, आत करतोस काय? म्हणाला, सोबत करतो."

"कुणाची?"

"मला वाटलं, स्वतःची म्हणत असेल." मग ती म्हणाली, "तुझा आवाज बरा नाही. झेपत नसेल तर दे परत."

"नाही," ठोक्या म्हणाला. "एकच राहिलाय."

त्या रात्री त्याला झोप लागली नाही असं नाही. लागली, आणि गाढ लागली, याचाच त्याला सकाळी राग आला.

चौथ्या अल्बमची चार रिळं होती, गेल्या वर्षीची. बाकीचे ट्रॅक कोरे होते. गायकाच्या एकट्या ट्रॅकवर आवाज होता, आणि त्यात गाणं जवळजवळ नव्हतंच. दोन माणसं बोलत होती, बरीच वर्षं एका घरात काढलेली माणसं बोलतात तसं, तुटक आणि घाई नसलेलं. त्यांच्या मागे ठोक्याचं घर होतं. किल्ली, दार, त्याचा खोकला, त्याचं बातम्या लावणं. मग त्याचा स्वतःचा आवाज, फोनवर मुलीशी बोलणारा.

"अगं, झोपेतच गेली तुझी आई. किती वेळा सांगू?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग अगदी माईकजवळून ती म्हणाली, "दर वेळी असंच सांगतात."

"राग येतो?"

"नाही. सवय आहे."

आणि गायक हसला. चिडवणारं हसू नव्हतं ते. ते तसं असतं तर ठोक्याला सोसलं असतं. त्यानं हेडफोन काढले. खिडकीबाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. हा माणूस आपल्याला पोतं म्हणाला आणि गेला. आणि आपण काठ्या हातात धरून बसलो होतो तेव्हा आपल्या बायकोला पाणी यानं दिलं. आता याचा द्वेष तरी कसा करायचा? सव्वीस वर्षं तेवढाच एक धंदा नीट चालला होता.

त्यानं शेवटचं रीळ चढवलं आणि हेडफोन पुन्हा लावले. या खोक्यावर तारीख नव्हती.

बराच वेळ काही नव्हतं. मग एक घरघर, बारीक, एकसारखी. त्यानं आपल्या मशीनचा पंखा समजून हेडफोन घट्ट दाबले. घरघर हेडफोनच्या आतच होती. बाहेरही होती.

टेपवर सायकलच्या पंपाचा आवाज आला.

त्यानं खिडकीकडे पाहिलं. रस्त्यावर आता कुणी नव्हतं.

खुर्ची करकरली. तो हलला नव्हता. मग हलला, आणि त्याची खुर्ची तशीच करकरली.

"गेला का तो?" गायकानं हळूच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हळू बोला. ऐकतायत."

ठोक्यानं आवाज पूर्ण वर केला. दोन श्वास होते, एक तिचा, ओळखीचा, आणि एक गाणाऱ्याचा, लांब आणि मुरलेला. दोन्ही जपून घेतलेले.

"मी आलोय," तो म्हणाला. त्या रिकाम्या खोलीत हे मोठ्यानं म्हणताना त्याला लाज वाटली. "ऐकू येतंय मला."



रीळ संपायला अजून अकरा मिनिटं होती. ती दोघं श्वास धरून, एक शब्दही न बोलता, तो उठून जायची वाट पाहत राहिली.