ऐंशीवरचा काटा

अशरफ प्रेमाताई सबनीसांच्या दारात येऊन रडायला लागला तेव्हा तिथे बसलेल्या लक्ष्मीकांत बापटांच्या हातातला चहा तसाच राहिला. रत्नागिरीचा हा धिप्पाड टँकरवाला रडतो, हेच त्यांना नवीन होतं.

काल धुळीच्या वादळात कुवेतच्या रुमैथिया भागात सिग्नलपुढे विठ्ठल माळ्याला कुणीतरी उडवलं, पाय मोडला. जवळ सापडला अशरफचा टँकर. उद्या जबाब, मग तुरुंग, मग कुवेत कायमचं बंद.

"नुकताच पाणी भरून निघालो होतो, ताई. माणूस पडलेला बघून थांबलो, जखम धुतली. तर पोलिसांनी मलाच धरला. टँकर ठेवून घेतला, मला उद्यापर्यंत सोडला."

प्रेमा सबनीस इस्पितळात एक्स-रे काढायच्या आणि फावल्या वेळात लोकांचे गुंते सोडवायच्या. तिथेच औषधं देणारे बापट त्या गुंत्यात स्वतःच अडकायचे.

विठ्ठलला वॉर्डात विचारलं. धुळीत त्याला काही दिसलंच नव्हतं. साक्षीदार एकच, स्वतःहून पोलिसांकडे गेलेला इंजिनियर उदय कारखानीस. बोलावल्यावर तो टॅक्सीनं आला. नवी कोरी गाडी म्हणे रंगाऱ्याकडे होती, वादळानं रंग खरवडला म्हणून. सिग्नलला टँकर पुढे होता, आपण मागे, असं त्यानं सांगितलं. हिरवा दिवा लागताच टँकर सुसाट सुटला.

"आठ सेकंदांत काटा शून्यावरून ऐंशीवर. मोजायची सवय आहे मला."

झालं! एवढा शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल? पण अशरफही खोटारडा वाटेना. बापटांच्या डोक्याचा पार भुगा झाला.

प्रेमाताईंनी अशरफच्या मालकाकडून तसाच भरलेला दुसरा टँकर मागवला. मोकळ्या रस्त्यावर अशरफनं पाय दाबून तो पळवला. आठ सेकंदांत काटा चोवीसवर. तीनदा तेच. बापटांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, चालू होतं.

संध्याकाळी उदयला बोलावलं. अशरफही दाराशी बसला होता.

"वाढलेल्या वेगाला लागलेल्या वेळानं भागा," प्रेमाताई म्हणाल्या. "भरलेल्या टँकरचा वेग दर सेकंदाला ताशी तीन किलोमीटरनं वाढतो. तुम्ही सांगता तो दहानं."

"रिकामा असेल टँकर."

"पोलिसांच्या आवारात उभा आहे तो. विठ्ठलची जखम धुण्यापुरतंच पाणी कमी झालंय. आणि मागच्या गाडीतून टँकरचा काटा दिसला कसा?"

उदयनं दाराकडे पाहिलं.

"तुम्ही पाहिलात तो तुमच्याच गाडीचा काटा. टँकरला मागे टाकलंत, विठ्ठलला उडवलंत आणि निघून गेलात. रंग वादळानं गेला नाही. आकडे खरेच सांगितलेत, गाडी तेवढी बदललीत."

बापटांना आत्ता कुठे उलगडा झाला आणि उदयकडे बघवेना.

"मी थांबणारच होतो," उदय कसाबसा म्हणाला.

"थांबला तो अशरफ."

मग उदय उठला. पोलीस ठाणं कुठल्या बाजूला, हेही त्याला धड आठवेना.

अशरफनं चपला पायात सरकवल्या. "चला साहेब. वाट मला ठाऊक आहे."