शेजारचं माणूस

हे खरं घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या... पण ज्या ताईच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी चुलत बहीण आहे, आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही.

ताई सहलीच्या बसवर गाईड आहे. डोंगर, दऱ्या, घाटाखालची बाजाराची गावं... लोक बघून वेडे होतात. ताईचे डोळे मात्र बघून बघून विटलेत.

ती त्या हंगामातली शेवटची फेरी होती. "मलाही एकदा ने की गं," म्हणून काकू, म्हणजे ताईची आई, किती वर्षं मागे लागली होती! शेवटी ताईने तिला आपल्याच शेजारी खिडकीशी बसवलं.

ताई कधी माणसं मोजायची नाही. बस सुटताना नुसती ओरडायची, "आपापल्या शेजारचं माणूस आलं का?" सगळे "आलं" म्हणाले की निघायचं. आजवर कोणी मागे राहिलं नव्हतं.

दुपारची वेळ. कडा बघायला सगळे बसमधून उतरले आणि कड्यावर धुकं आलं. पुढचं माणूस दिसेना. ताईचं अंग नुसतं आंबून गेलं होतं. निघताना सीटवर टेकून, डोळे मिटूनच तिने नेहमीचं विचारलं.

"आलं, आलं!" मागून आवाज आले.

"आणि तुमच्या शेजारचं?" ड्रायव्हरकाकांनी चेष्टा केली.

खिडकीकडून उत्तर आलं...

"आले गं. चल."

बस घाट उतरू लागली.

थोड्या वेळाने ताईच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिला फार बरं वाटलं. दमली बिचारी. चला, एकदाचं आईला आणलं तरी आपण... झोपू दे. तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

डोकं गार होतं.

धुक्यातून आलीये, गार असणारच.

बाजाराचं गाव जवळ आलं. रेंज आली. फोन वाजला.

"अगं, आहेस कुठे?" काकूचा आवाज. रडवेला. "केव्हाची फोन लावतेय. मी कड्यावरच आहे. मला काही दिसत नाहीये गं..."



खांद्यावरचं डोकं... अजून तिथेच होतं.

"काका, गाडी थांबवा!"

ती ताडकन उठली. शेजारी कोणी नव्हतं.

सीट ओली होती. तिचा खांदाही.

बस माघारी फिरली. काकू कठड्याला धरून उभी होती. ताई तिच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडली. "सगळ्यांना विचारलं गं आई... तुझ्याकडे तेवढं बघितलं नाही."

"मी धावले ना बसमागे. हाका मारल्या," काकू म्हणाली. "पण तुझ्या शेजारी कोणी बाई बसली होती... तिने खिडकीतून मला हात केला. निरोप घेतात तसा."

बसमध्ये चढल्यावर काकू खिडकीच्या सीटपाशी थबकली. बघत राहिली. मग मागे जाऊन बसली.

"आई, इथे ये ना. रिकामीच आहे."

काकूने नुसती नकारार्थी मान हलवली.

ताई आता एकेकाचं तोंड बघून माणसं मोजते. नोकरी सोडून कसं चालेल? काकू दुपारी फोन करते आणि एकच विचारते, "शेजारी कोण बसलंय?"

"कोणी नाही गं. माझी बॅग ठेवलीये."

ताई खोटं बोलते ते फक्त आईशी.

मला तिने सांगितलंय... बॅग पायाशीच असते.